पिस्तुलाच्या गोळीची रायफल

नॉरीन लेस्टाड दुकानात शिरली तेव्हा काउंटरपाशी वाद चालला होता. मालक डेल ब्रेक्के आत, आणि ग्लेन स्टुबे बाहेर, हातात फुकटच्या कॉफीचा पेला. दोघांच्या मध्ये एक कार्बाइन, आखूड काळी रायफल, आडवी पडली होती.

"पिस्तुलाची गोळी लांब नळीतून मारायची," ग्लेन म्हणत होता. "म्हणजे खेचर झालं. धड घोडा नाही, धड गाढव नाही."

"खेचर कामाला येतं," डेल म्हणाला.

"शंभर यार्डांपलीकडे काय कामाची? एल्कला लागली तर एवढं थोराड हरीण मागे वळून बघेल, कोण खडे मारतंय म्हणून."

"एल्कसाठी कोण घेतंय? खांद्याला धक्का नाही, गोळी स्वस्त, आणि पिस्तुलाला नि हिला एकच पेटी चालते."

"गोळी स्वस्त, पण बंदूक? तेवढ्या पैशांत अस्सल रायफल येते."

"तू दोन घेतल्यास की."

"दोन्ही घेऊन पस्तावलोय. तिसरी बघायला आलोय."

डेल हसला नाही. त्याचं लक्ष दाराकडे गेलं होतं. ग्लेननेही वळून पाहिलं आणि टोपी काढली. फेब्रुवारीत वडील आर्ने गेल्यापासून नॉरीन जिथे जाई तिथे हे असं होई. बोलणं तुटायचं आणि टोप्या निघायच्या.

"मला तीच पाहिजे," ती म्हणाली. "मेंढ्यांच्या वाड्यात कायोट येताहेत. कोल्हे परवडले. दोन कोकरं नेली. बाबांची रायफल मला झेपत नाही, या खांद्याचं हाड घोड्यावरून पडून मोडलंय."

डेलने कार्बाइन उचलली, खटका मागे ओढून नळी रिकामी असल्याचं तिला दाखवलं आणि तिच्या हातात दिली. वजन बेताचं होतं. दस्ता खांद्याला टेकला तरी हाड दुखलं नाही.

"चालेल. हीच द्या."

"दुसऱ्याही आहेत. थोडी महाग आहे एक, पण तिला धक्का आणखी कमी."

"कुठलीही चालेल."

"गोळ्या भरायचं मॅगझिन एक मिळतं सोबत. जास्तीची किती देऊ?"

"एक पुरे."

"आणि गोळ्या?"

"एक पेटी."

 डेलने तिच्या हातातून कार्बाइन घेतली आणि काउंटरवर न ठेवता मागच्या भिंतीवर खुंटीला लावली. मग कापड घेऊन स्वच्छ असलेली काच पुसू लागला.

"झोप लागते का गं?"

"लागते."

"घरी कोण आहे सोबत?"

"मेंढ्या आहेत."

"आर्नेच्या बंदुका कुठे ठेवल्यास?"

नॉरीनने मान वर केली. हा प्रश्न तिने आधी ऐकला होता. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवणाला बटाट्याच्या कॅसरोलच्या रांगेत उभे असताना, डेलने तिला बाजूला घेऊन बाबांच्या बंदुकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, असं विचारलं होतं. तेव्हा तिला ते नुसतं विचित्र वाटलं होतं.

"घरीच आहेत."

"त्या आणून दे माझ्याकडे. मागच्या तिजोरीत राहतील उन्हाळ्यापर्यंत. भाडं नको. परत नेताना, बंदूक घेताना भरतात तो सरकारी फॉर्म तेवढा पुन्हा भरावा लागेल, त्याला इलाज नाही."

"आणि ही कार्बाइन?"

"हिची काय घाई आहे?"

याच वेळी ग्लेनने अर्धी कॉफी तशीच ठेवली, टोपी घातली आणि निरोपही न घेता निघून गेला. पेला टाकून जाणारा माणूस नव्हता तो. डेलने त्याला डोळ्यांनी खुणावलं, अशी नॉरीनची खात्री झाली.

"कायोट थांबतील का उन्हाळ्यापर्यंत?" असं म्हणून ती बाहेर पडली.

ट्रकमध्ये बसल्यावर तिला सगळा हिशेब लागला. कपाटात आजोबांची रायफल होती. जुनी, लिव्हर ओढून चालवायची, डाव्या अंगाला खोगिराची कडी असलेली. असल्या बंदुकांसाठी टेक्सासहून लोक विमानाने येतात हे तिला माहीत होतं. डेल ती वर्षानुवर्षं बाबांकडे मागत होता, हेही माहीत होतं. आता बाबा नाहीत. मुलगी नोकरी सोडून स्पोकेनहून आलेली, पुस्तकांच्या कपाटांत आयुष्य काढलेली. तिला बंदुकांमधलं काय कळणार? एकदा वस्तू तिजोरीत गेली की फॉर्मची भीती घालायची, मग दिवस लांबवायचे, मग एखादा आकडा सांगायचा. आणि घरात दुसरी बंदूक आली तर पोरगी जुन्या सोडणार नाही, म्हणून कार्बाइनही द्यायची नाही. डेल बाबांची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत होता, याचा तिला आता जास्तच राग आला.

ती तशीच काउंटीच्या मुख्य गावी गेली. तिथल्या दुकानात तिच्याच वयाची एक बाई होती. नॉरीनने तीच कार्बाइन मागितली. बाईने ती काढली, खटका ओढून दाखवली, पण हातात दिली नाही.

"लेस्टाड ना तुम्ही? घरात कोण कोण असतं?"

"डेलचा फोन आला होता?"

बाई खोटं बोलली नाही. "आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ती येईल. तिला कॉफी दे आणि बसवून घे."

नॉरीनने कॉफी घेतली नाही. परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना अर्धवट वितळलेला बर्फ होता आणि ती मनातल्या मनात डेलला सुनवायच्या वाक्यांची जुळवाजुळव करत होती. एका दुकानदाराची हाव समजू शकते. पण यांची तर साखळी होती. एखाद्या घरचं माणूस गेलं की हे एकमेकांना फोन करत असणार आणि वारस दुसरीकडे वळू नयेत म्हणून दारं लावून घेत असणार.

डेल दुकानाचे दिवे मालवत होता. तिला पाहून त्याने एक पुन्हा लावला.

"तुम्हाला माझ्या आजोबांची रायफल पाहिजे," ती दारातूनच म्हणाली.

"पाहिजेच आहे. लग्न व्हायच्या आधीपासून मागतोय. आर्नेने दिली नाही. तूही देऊ नकोस."

ती दारातून काउंटरपर्यंत आली.

"मग हे काय चाललंय? फोन काय, चौकशा काय. मी गिऱ्हाईक आहे, पैसे द्यायला तयार आहे."

"किती?"

"काय किती?"

"पैसे किती, ते विचारलंस का तू? इथे विचारलं नाहीस. तिथेही नाही. तुझा बाप माझ्याकडे बुटांच्या नाड्या घेताना घासाघीस करायचा. या गावात कार्बाइन घेणारा माणूस आधी माझं डोकं खातो. ही का, ती का नको, पेटी मागल्या वर्षी स्वस्त होती, दोन मॅगझिनं वर टाक. ग्लेन बघितलास ना? दिवसभर बसतो. का? तर वस्तू घरी नेऊन वापरायचीय, वर्षानुवर्षं. तू आलीस आणि म्हणालीस, कुठलीही चालेल. एक पेटी. एक पुरे." डेल स्टुलावर बसला. "आम्ही दुकानदार एवढंच बघतो, पोरी. आमच्याकडे दुसरं काही साधन नाही. असं गिऱ्हाईक आलं की त्या दिवशी विकायचं नाही आणि शेजारच्या दुकानाला कळवायचं. तो रिवाज आहे आमच्यात. त्याची पाटी लावत नाही कुणी."



"तुम्हाला वाटलं, मी स्वतःला…"

"मला काही वाटलं नाही. मी विचारलं. तू सांगितलंस, मेंढ्या आहेत."

"कायोट खरंच येतात."

"येतात. ते मी खोटं धरलेलंच नाही."

तिने रागाने इकडेतिकडे पाहिलं. कार्बाइन खुंटीला होती. तिला असलं काही करायचं नव्हतं. हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण कोकरांचा हंगाम संपल्यावर पुढे काय, हेही तिला सांगता आलं नसतं. एप्रिलसाठी चारा मागवलेला नव्हता. लोकर कापणारे कधी बोलवायचे ते ठरलं नव्हतं. एक पेटी तिने सहज म्हटलं होतं, कारण त्याच्यापुढचं काही तिच्या डोळ्यांसमोर आलंच नव्हतं.

"सगळ्यांनाच असं सांगता? बंदुका आणून द्या म्हणून?"

डेलने हनुवटी चोळली. "हे मी सांगणार नव्हतो. तुझ्या बापाने शब्द घेतला होता माझा. तुझी आई गेली त्या हिवाळ्यात आर्ने स्वतः सगळ्या बंदुका घेऊन आला. घोंगडीत गुंडाळून. म्हणाला, लोकरकापणी होईपर्यंत ठेव, आणि मी मागितल्या तर देऊ नकोस."

त्या नाताळात नॉरीन घरी आली होती. बोळातलं बंदुकांचं कपाट उघडं आणि रिकामं होतं. बाबा म्हणाले, पॉलिशला दिल्यात. तिने मान डोलावली होती आणि प्रवासाची बॅग खोलीत नेली होती. तेव्हा तिला आईशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

पण डेलला हे कपाट माहीत असू शकेल. पॉलिशची गोष्टही कुणाकडून कळलेली असू शकेल. खरं-खोटं करणारा एकच माणूस होता आणि तो टेकडीवर पुरला होता.

"सगळ्या आणल्या?" तिने विचारलं. "ती लहान पॉइंट टू-टू बंदूकसुद्धा?"

"नाही. ती लपवून ठेवली चाऱ्याच्या खोलीत. मला संशय आला म्हणून गेलो. म्हणतो, ती सापांसाठी लागते. जानेवारीत. मोंटानात. गुडघाभर बर्फात उभं राहून मला सांगतोय, साप. मी म्हटलं, आर्ने, साप दिसला तर मला फोन कर, आपण दोघं मिळून त्याला स्वेटर घालू."

नॉरीनने ओठ घट्ट मिटले. हसू येत होतं की दुसरं काही, ते तिलाही कळेना. हे रचलेलं नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर असलं काहीतरी बोलून ताठ उभे राहणारे, ते बाबाच होते.

"आजोबांची रायफल मी स्वतःच्या हाताने तिजोरीत ठेवणार," ती म्हणाली. "आणि कुलूप माझं."

"तुझंच आण. मोठं आण."

"आणि कोकरांचं काय?"

"ग्लेनला सांगतो. त्या दोन खेळण्यांचं काय करायचं याच विवंचनेत असतो तो. वाड्यात जास्तीत जास्त चाळीस यार्ड. त्याच्या खेचराला तेवढं जमेल."

दुसऱ्या दिवशी तिने बंदुका घोंगडीत गुंडाळून नेल्या आणि कुलूप घालून आली. कपाट उघडंच राहिलं. ते बंद करावं असं तिला वाटलं, पण केलं नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच ग्लेन आला. घडीची खुर्ची, थर्मास आणि खांद्याला कार्बाइन. दोन्हींतली कुठली आणावी यावर दुपार गेली, असं तो म्हणाला आणि कारणंही सांगू लागला. पहिलीचा खटका हातमोज्यांत सापडत नाही. दुसरी चांगली आहे, पण तिच्या दुर्बिणीवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात आणखी एक बंदूक आली असती. नॉरीनने ऐकून घेतलं. मग तो वाड्याकडे गेला.

ती स्वयंपाकघरात आली आणि सूप गरम करायला ठेवलं. त्याच्यासाठी एक वाडगा काढला, मग आपल्यासाठी दुसरा. खिडकीतून तिने पाहिलं. मेंढ्या कुंपणाच्या एका अंगाला दाटीने उभ्या होत्या आणि कायोट येत ते पलीकडच्या ओढ्यातून. ग्लेनने खुर्ची आधी ओढ्याकडे सरळ तोंड करून मांडली. बसून त्याने पाहिलं, उठला, आणि ती थोडी तिरकी केली. आता एका डोळ्याने ओढा दिसत होता आणि दुसऱ्याने ही खिडकी.

नॉरीनच्या हाताला पडद्याची दोरी लागली. पडदा न ओढता ती तिने सोडून दिली, आणि दिवा लावला.