नारिंगी जाकीट

बाराशे किलोमीटरांच्या सफरीत अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंना घ्यावे की नाही, यावर मोटारसायकल मंडळाने तीन बैठका घेतल्या. काकूंना मात्र एकाही बैठकीला बोलावले नाही. ठरले ते असे : पहिल्या दिवशी जेवणापर्यंत त्यांच्याकडून चूक झाली नाही तर पुढे, नाहीतर घरी. काकूंनी नगरपालिकेच्या अभिलेख खोलीत एकतीस वर्षे काढली होती. सहीच्या चिठ्ठीशिवाय त्यांनी महापौरांनाही फाईल दिली नव्हती. साहजिकच, कप्तानांनी रचलेली अकरा पानी नियमावली अख्ख्या मंडळात फक्त त्यांनीच वाचली होती. लेखकाचाही अपवाद धरण्याचे कारण नाही.

"जपून हं, काकू," निघताना कप्तान म्हणाले. "ही भाजी आणायची स्कूटर नाही."

"माहीत आहे." काकूंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "भाजी आणायला मी पायी जाते."

सातवा नियम असा होता : वळण आले की कप्तानांच्या लगेच मागच्याने तिथे थांबून इतरांना दिशा दाखवायची आणि नारिंगी जाकीटवाला शेवटचा स्वार आल्याखेरीज जागा सोडायची नाही. हे जाकीट कप्तानांच्या मेहुण्याकडे होते. सगळे मेहुण्याला शेपूट म्हणत.

अकराच्या सुमारास, तेलाच्या टाक्यांजवळच्या तिठ्यावर काकूंची पाळी आली. गाडी स्टँडवर लावून त्यांनी डावा हात लांब केला. चौदा गाड्या यायला हव्या होत्या. बारा गेल्या. तेरावा शेपूट आला, पण टीशर्टमध्ये. उकडते म्हणून जाकीट त्याने सामानाला बांधले होते.

"चला काकू, चला!" म्हणत तो भुर्रकन गेला.

काकूंनी त्याला अर्थातच ओळखले. पण महापौरांनाही त्या ओळखतच होत्या. शिवाय गणतीत एक कमी होता. इथून निघावे तर नियम मोडतो, थांबावे तर जेवण हुकते आणि सफरही. त्या थांबल्या.

पाऊण तासाने मंडळातले दाताचे डॉक्टर घामाघूम होऊन गाडी ढकलत उगवले. चेन निखळली होती. दोघे ती बसवत असतानाच कप्तान परतले, लालबुंद होऊन.

"अहो, सगळे जेवून बसलेत! करताय काय इथे?"

"सातवा नियम. जाकीट आलेलं नाही."

"पण मेहुणा गेला ना तुमच्या डोळ्यांदेखत!"

"माणूस गेला. जाकीट गाठोड्यात होतं."

"मी चेनशी झटत होतो तर शेपूट हॉर्न वाजवून पुढे गेलं," डॉक्टर म्हणाले. "काकू नसत्या तर मी सरळ रस्त्याने दगडखाणीत पोचलो असतो."

कप्तानांनी टाक्यांकडे पाहिले, मग आभाळाकडे. दोन्हीकडे काही लिहिलेले नव्हते.

"जेवणाआधी चूक झाली आहे खरी," काकू ग्रीसचे हात पुसत म्हणाल्या. "कोणाची, ते लिहून घेता?"

"जेवून घ्या आधी," कप्तान पुटपुटले. "अजून हजार किलोमीटर जायचंय."

दुपारी जाकीट काकूंच्या अंगावर आले. बाह्या लांब होत्या. त्यांनी दोनदा दुमडल्या. पुढच्या वळणावर मेहुणा भर उन्हात हात लांब करून उभा होता. सगळे गेल्यावर काकू सावकाश आल्या, त्याच्यापाशी थांबल्या आणि त्याला निवांतपणे जाकिटाचे पाठपोट दोन्ही दाखवून म्हणाल्या,

"चल रे बाळा, चल!"