झाडावर आहे तोवर

महादेवराव पाटलांच्या ओट्यावरच्या बॅटरीच्या रेडिओनं सांजच्याला अख्ख्या मुलखाचं आभाळ वाचून दाखवलं. आसामात पाऊस, बंगालात वादळ, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात उद्या काही ठिकाणी गडगडाट, सोसाट्याचा वारा, गारा. ओट्याखाली उभी असलेली सरवरी तेवढं ऐकून आमराईकडे पळत सुटली. जणू आभाळाच्या आधी पोचली तर काही करता येणार होतं.

आमराई पाटलांची, पण यंदाचं फळ सरवरीचं आणि तिच्या नवऱ्याचं, कादरचं. दोघं बागवान. मोहोर पाहून त्यांनी फळ घेतलं आणि तेव्हापासून झाडांखाली झोपडी घालून वानरं हाकत बसले. आता चैत्रात कैरी लिंबाएवढी झाली होती. वर्षाची भाकर तिथंच लोंबत होती.

"अजी, कल ओले गिरनेवाले. रेडिओ में बोले."

"कुछ ठिकाने बोला ना? बरार क्या हथेली इतना है?"

"आजच तोड लेंगे?"

"कोय नै धरी अभी. बजार में लोणच्यालाबी कोन लेगा?" कादर म्हणाला आणि मग बराच वेळ वरच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गावाची नुसती धांदल. कुणी खळ्यावरचा गहू घरात ओढला, कुणी वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या, कुणी गोवऱ्या झाकल्या. सरवरीला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. झाड कुठं उचलून नेणार? कादरनं एक मेढ आणून थोरल्या झाडाच्या एका फांदीला टेकू दिला. एवढ्या आमराईत एका फांदीला! सरवरीला हसू आलं. मग तीही मेढ धरायला गेली.

दुपार कलताना बांधावर बाया दिसल्या. प्रत्येकीजवळ टोपलं. गावाची जुनी रीतच होती ती: झाडावर आहे तोवर फळ बागवानाचं, वादळानं पाडलं की वेचील त्याचं. भांडायला जागाच नाही. सगळ्यांत पुढं झुंबरबाई, सरवरीला रोज ताक देणारी.

"लवकर आल्या, बाई," सरवरी म्हणाली.

"काय करू व माय? रेडिओनं साऱ्या गावालेच सांगतलं. म्या नाई वेचल्या तर दुसरी नेते. पन तुही शपथ, मले वाटते, पडूच नये."

"मंग टोपलं काऊन आनलं?"

झुंबरबाईनं टोपलं पदराखाली घेतलं. टोपलं मोठं होतं, पदरात मावेना.

धाड गावाच्या अंगानं आभाळ काळं झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग धपधप, धपधप. झोपडीत बसून सरवरी आवाजावरून झाड ओळखत होती. हे विहिरीजवळचं. हे वाकडं. हे थोरलं. मग गारा लागल्या आणि काहीच वेगळं ऐकू येईना. कादर बाहेर मेढ धरून उभाच होता. ती फांदी मोडली नाही. कैऱ्या मात्र सगळ्या गेल्या तिच्यावरच्या.

वारा थांबला तशा बाया आत आल्या. वाकून वाकून वेचू लागल्या. कादर झाडांकडे पाठ करून दारात बसला. सरवरीला बसवेना. ती उठली, पदर खोचला आणि बायांत शिरून आपल्याच कैऱ्या वेचू लागली. एका कैरीवर तिचा आणि दुसऱ्या बाईचा हात एकदमच पडला. दोघींनी हात मागं घेतले. कैरी तिथंच राहिली.

"सरवरी, अवं इकडं ये," थोरल्या झाडाखालून झुंबरबाईनं हळूच हाक मारली. "इथं लय हायेत. जागा हाये दोघीले."

सरवरी गेली. खांद्याला खांदा लावून दोघी वेचत राहिल्या.

आभाळ पुन्हा गुरगुरलं. साऱ्या बायांनी वर पाहिलं. शेंड्याला अजून चार-दोन घोस होते. सरवरीनंही पाहिलं. ते आपले, ती मनाशी म्हणाली, आणि वारा सुटला.