लुओसाहेबांची दुसरी कविता

पेंगहू बेटांवर लुओ शांगपिंग अधिकारी म्हणून उतरला तेव्हा उन्हाळा होता. वारा पडलेला, जाळी भरून येत होती. खुशीत येऊन त्याने कविता लिहिली: इथे मासे आपणहून हंडीत उडी घेतात, इथल्या चुलींना उपास ठाऊक नाही. समुद्रापलीकडे शहरात मित्रांनी ती उतरवून घेतली आणि वरिष्ठांनी ती पंख्यावर लिहवून घेतली.

त्याच वर्षी आठव्या महिन्यात वादळ आलं. वाऱ्याने समुद्राचं पाणी उचलून तीन दिवस शेतांवर झोडपलं. रताळ्याचे वेल, भुईमूग, सगळं खाऱ्या पाण्याने काळं पडलं. लाटा अशा की होड्या बाहेर काढणं शक्य नव्हतं. लुओने वरिष्ठांकडे धान्य मागितलं. महिन्याने उत्तर आलं. त्यात त्याच्याच कवितेच्या दोन ओळी होत्या आणि खाली विचारलं होतं, ‘मासे कुठे गेले?’

लुओचे कान तापले. पेज घेऊन आलेल्या होंगआजीला, त्याच्या स्वयंपाकिणीला, त्याने विचारलं, “आजी, मी काय लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं?”

“कारकुनानं वाचून दाखवलं की. पोट धरून हसलो आम्ही.”

“मग बोलला का नाहीत?”

“नव्या जावयाला पहिल्याच दिवशी कोण बोल लावतं, साहेब? आणि खोटं नव्हतं ते. तुम्ही आलात तेव्हा मासे होतेच. उरलेले दहा महिने तेवढे त्यात नव्हते.”

“ते मला दाखवाल?”

“चालवेल का तुम्हाला?”

तो तिच्यामागून दारोदार फिरला. लोकांनी पुढे केलं ते खाल्लं: शेवाळ, बुरसलेल्या रताळ्याच्या चकत्या. घरी आलेली पेजही तो शेजारच्या पोरांना देऊ लागला. मग त्याने दुसरी कविता लिहिली. तिच्यात लोकांची नावं होती, आणि पहिलीच ओळ होती: मासे हंडीत उडतात म्हणणारा मूर्ख मीच. पहिली कविता ज्यांनी उतरवून घेतली होती, त्या प्रत्येकाला ही धाडायचं त्याने ठरवलं. याने नोकरी जाईल हे त्याला कळत होतं. दोन दिवस पाकिटं उशाखाली ठेवून तिसऱ्या दिवशी त्याने ती नावाड्याच्या हाती दिली.

शहरात चहाच्या दुकानांतून ती म्हटली जाऊ लागली. वरिष्ठांना पंखा लपवावा लागला. अकरा नावा तांदूळ आला, आणि सोबत लुओला परत बोलावल्याचा हुकूम.

पोती उतरली, त्याच रिकाम्या नावेत तो चढला. धक्क्यावर होंगआजी खाऱ्या वाऱ्यामुळे तोंडाला फडकं गुंडाळून उभी होती.

“घरी रांधायला कोण आहे?”

“बायको.”

“तिला सांगा, पहिले चार दिवस पातळच वाढ. उपाशी पोट एकदम भरू नये.”

लुओने मान डोलावली.