सरळ रस्त्यावरचा वाघ

दिग्रसच्या मिशन दवाखान्यातला कंपाउंडर डोमाजी एवढा चालायचा, की त्याच्या वहाणांचे तळ पार झिजले होते. पायाखाली नाणं आलं तर छापा आहे की काटा, हे त्याला न बघता कळे, असं लोक सांगत. गोष्ट सन एकोणसाठची.

दर रविवारी एका खेड्यात चार ख्रिस्ती घरांची उपासना तो चालवी. सरळ रस्त्यानं गाव तीन कोस. पण डोमाजी जायचा नाला ओलांडून, धरमसिंगच्या तांड्यावरून, चांगलं सहा कोस.

कारण सरळ रस्त्याला लागून कौसल्येचं घर होतं. मिशनच्या शाळेत दोघं एकाच वर्गात शिकलेली. तिचा नवरा मारोती राजूरच्या कोळशाच्या खाणीत, महिन्यातून एकदा घरी यायचा. रविवारी ती ओट्यावरून हाक मारी, "या डोमाजीभाऊ, चहा मांडला." चहा प्यायचा, खुशाली विचारायची, निघायचं. यात कुठं काय वावगं? मग कापसाच्या हंगामात एकदा तिनं त्याच्या कोटावरचा पुंजका दोन बोटांनी उचलला, आणि 'भाऊ' म्हणायचं विसरली. त्या दिवशी उपासनेत डोमाजीनं एकच गीत तीनदा म्हणवून घेतलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

मोहात पाडू नको, अशी प्रार्थना करताना आता त्याला लाज वाटे. देव कुठं नेत होता त्याला? आपलेच पाय तिकडं चालले होते. म्हणून त्यानं पायांचीच वाट बदलली. जीव मात्र दर रविवारी फाट्यावर मागे राही.

"काहून जी कंपाउंडर," धरमसिंगनं एकदा विचारलं, "नीट रस्ता सोडून हा वनवास कायले?"

"तिकडं वाघ हाय," डोमाजीच्या तोंडून निघून गेलं.

झालं! पहिल्या आठवड्यात वाघ सात हातांचा होता, दुसऱ्यात बारा हातांचा. पोळ्यापर्यंत त्यानं अख्खी बैलगाडी गिळून नुसतं जू थुंकलं होतं. धरमसिंगची बायको धनीबाई तर त्याला खोकल्यावरून ओळखू लागली. रस्त्यावर माणूस फिरकेना, गुडघाभर गवत माजलं.

एक दिवस धनीबाईच बाजारातून निरोप घेऊन आली. "कौसल्या म्हणते, घरी एकटी हाय, वाघाचं भेव वाटते. डोमाजीले म्हणा, रविवारी येऊन जा."

आता तर जाणं हेच पुण्य होतं! रविवारी डोमाजीनं कोट झटकला, केसांना तेल लावलं, भांग पाडला. आरशात पाहिलं तर वाघाच्या भीतीतून कुणाला सोडवायला निघालेला माणूस काही त्यात दिसेना. नवरदेव दिसत होता. तो तसाच उठला आणि तांड्यावर गेला.

"धरमसिंगभाऊ, तिकडं वाघ नाही. मी खोटं बोललो."

"मंग काय हाय?"

"कौसल्या."

धरमसिंगची विडी हातातच विझली. धनीबाई म्हणाली, "अरे देवा, वाघ बरा होता की!"

"तुमी दोघं जा," डोमाजी म्हणाला. "सांगा तिले, भिऊ नको म्हणा."

"अन् तू काहून आला नाही, इचारलं तर?"

"माह्यात बळ नाही म्हणा."

ती दोघं परतेपर्यंत तो बाजेवर बसून होता. त्यांना येताना पाहून ताडकन उभा राहिला. "काय म्हणली?"

"हासली," धनीबाई म्हणाली. "म्हणे, शाळेतबी असाच होता, पाढा चुकला का वर्गातून पळे. मंग आत गेली अन् दार लावून घेतलं. लई वेळ बाहेर आली नाही."

कौसल्येनंच मारोतीला चिठ्ठी धाडली. दसऱ्याला तो तिला राजूरला घेऊन गेला. सरळ रस्ता पुन्हा वाहता झाला आणि डोमाजीही एका रविवारी त्या वाटेनं गेला. दाराला कुलूप होतं. उन्हानं तापलेलं ते कुलूप त्यानं मुठीत धरलं आणि तिथंच उभा राहिला. खेड्यातली चार घरं दुपारपर्यंत त्याची वाट पाहत बसली.

पुढच्या रविवारी तो नाला उतरून तांड्याच्या वाटेला लागला. रिकाम्या घराचाही त्याला भरवसा वाटेना.