मागच्या दारातली बॅटरी

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. थेटर कधीच बंद पडलं, तरी ऑपरेटर आजोबा रविवारी दुपारी घरच्या हॉलचे पडदे ओढायचे, भिंतीवर जुन्या जाहिराती दाखवायचे, तीन घंटा द्यायचे. मगच नातवंडांना सिनेमा. आजी त्याच थेटरातली डोअरकीपर. मागच्या दारातून तिची बॅटरी दोनदा लुकलुकली की सगळे बसले, सुरू करा. एकदाच लुकलुकली की थांबा, कुणीतरी यायचंय. घरातही हाच कायदा.

आजी गेल्यानंतरचा हा पहिला खेळ. तिसरी घंटा झाली, तरी आजोबांचा हात बटणाकडे जाईना.

"बाबा, लावा की आता!" लेक वैतागली.

"इशारा नाही आला."

"आता कोण देणार..."

मागच्या दारात उजेड एकदाच लुकलुकला. बॅटरीतले सेल तर आजोबांनी स्वतःच काढून ठेवले होते.

त्यांनी डोकी मोजली. सगळी जागेवर होती.

"मग राहिलं कोण गं?" ते पुटपुटले.

उजेडाचा गोल जमिनीवरून सरकत आला आणि उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला वाट दाखवावी, तसा त्यांच्याच पायांपाशी थांबला.