ही एकच व्यक्ती आहे का?

पूर्णिमाच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन वर्ष झालं नाही तोच त्यांचा आवाजही गेला. त्यांच्या फोनमधलं मेमरी कार्ड एके दिवशी उघडेनासं झालं. गावच्या, बेळगावजवळच्या मच्छेच्या देवळात ते भजनाला बसले होते, त्याचं साडेतीन मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यात होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. बेळगावातली तीन दुकानं पालथी घालून पूर्णिमा रिकाम्या हाताने परत आली, आणि त्याच दिवशी तिने ठरवलं की घरातलं आता काही म्हणजे काही असं जाऊ द्यायचं नाही.

हे काम तिला नवं नव्हतं. शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती गेली सहा वर्षं जुनी रजिस्टरं स्कॅन करत होती. लग्न होऊन ती बेळगावातच अनगोळला राहायला आली होती. माहेरची पत्र्याची ट्रंक तिने नवऱ्याच्या, आदर्शच्या स्कूटरवरून घरी आणली. ट्रंकेत चार अल्बम, थोरला भाऊ रविराज याच्या लग्नाच्या बुरशी लागलेल्या सीड्या आणि तीन मेलेले फोन निघाले. सुट्टीच्या दिवशी ती एकेक फोटो फडक्याने पुसायची, स्कॅनरवर ठेवायची, आधी साल आणि मग प्रसंग असं नाव द्यायची. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी रविराजकडे, मच्छेला. आगबिग लागली तरी एक वाचावी.

भिंतीवरच्या तसबिरी तेवढ्या आईने उतरवू दिल्या नाहीत. त्यांचे फोटो तिने मोबाईलनेच काढले. त्यात मंगलआक्काची तसबीर होती. आक्का तिची सगळ्यांत थोरली बहीण. पूर्णिमा पाच वर्षांची असताना ती कोल्हापूरच्या दवाखान्यात काविळीने गेली. पूर्णिमाला तिचा चेहरा आठवत नव्हता. दोन वेण्या, कानात बारीक रिंगा आणि गळ्यात चंदनाचा हार, एवढीच आक्का तिला ठाऊक होती. आक्काचे बाकी फोटो आप्पांना बघवेनात म्हणून त्यांनी जाळले, असं घरात सांगायचे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी तिने सगळे अडीच हजार फोटो लॅपटॉपवरच्या फोटो लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. ते चेहरे ओळखून एकेका माणसाचा गठ्ठा करतं. जिथे खात्री नसते तिथे विचारतं. चहा घेत घेत ती उत्तरं देत होती. हा लहानपणीचा रविराज आणि हा लग्नातला रविराज, एकच. ही आत्या आणि ही आत्याची मुलगी, वेगळ्या.

मग पडद्यावर डावीकडे आक्काची तसबीर आली आणि उजवीकडे एक बाई. पदर डोक्यावरून घेतलेली, चाळिशीच्या आसपासची. खाली प्रश्न होता: ही एकच व्यक्ती आहे का?

पूर्णिमाला हसू आलं. मशीनला काय कळतंय, मेलेलं माणूस म्हातारं होत नाही ते. तिने ‘नाही’ दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न आला. डावीकडे आक्का होती, उजवीकडे तीच बाई, जरा तरुण. पुन्हा ‘नाही’. तिसऱ्या वेळेला मात्र तिचा हात थांबला. तिने तो पूर्ण फोटो उघडला.

तो तिच्याच लग्नातला होता, २०१९चा. अक्षता पडताहेत, लोक हसताहेत, आणि कार्यालयाच्या दाराशी, खांबाला टेकून, ती बाई उभी आहे. पूर्णिमाने बाकीचे उघडले. रविराजच्या लग्नात, २०१३ला, ती जेवणाच्या शेवटच्या पंगतीत. २०१५ला, पूर्णिमाच्या पदवीच्या समारंभात, मागच्या रांगेच्याही मागे. आप्पांच्या बाराव्याला, २०२३ला, कुणीतरी मोबाईलवर काढलेल्या फोटोत, गल्लीच्या कोपऱ्यावर. सगळे मिळून सात.

एखादी लांबची पाहुणी असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. आणि तेवढ्यात तिला दुसरीच गोष्ट दिसली. तिची आई मालुबाई कुठल्याच फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही, यावरून घरात नेहमी चेष्टा व्हायची. पूर्णिमाने आईच्या नजरेच्या रोखाने पडद्यावर बोट नेलं. लग्नातल्या फोटोत आईची नजर मांडव ओलांडून दारातल्या खांबाकडे होती. पदवीच्या फोटोत मागच्या रांगेकडे. बाराव्याच्या फोटोत, कपाळ पुसलेली आई उंबऱ्यात बसून गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत होती.

पूर्णिमाने आदर्शला हाक मारली. "काय झालं गं?" म्हणत आदर्श स्वयंपाकघरातून आला. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आईला इचार. आत्ताच जा."

मच्छेला पोचली तेव्हा रविराज आणि वहिनी कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेले होते. आई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. पूर्णिमाने तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. मालुबाईने एकदा बघितलं. हातातली शेंग सुपात पडली.

"बंद कर ते."

"आई, कोण हाय ही?"

"बंद कर म्हटलं न्हवं? आणि दार लोट."

पूर्णिमाने दार लोटलं. मालुबाईने पदराने तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "जिती हाय ती. निपाणीला असती."

आईने मग सांगितलं ते असं. मंगल बारावीला असताना शिकवणीला जायची, तिथे निपाणीचा प्रज्ञेश म्हणून मुलगा यायचा. त्याचे वडील देवाप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. माणसं चांगली, पण जात वेगळी. बौद्धाच्या घरात पोरगी दिली म्हणून गाव तोंडात शेण घालील, असं आप्पा म्हणाले. जूनच्या एका सकाळी मंगल निघून गेली. पोरीला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलंय असं गावाला सांगून आप्पा तिला शोधायला बाहेर पडले आणि दोन दिवसांनी एकटेच परत आले. अंगणातच मोठ्याने रडले. म्हणाले, पोरगी काविळीनं गेली, तिथंच उरकून आलो.

"आणि तू?"

"मला आत घिऊन खरं सांगितलं. म्हणालं, आजपासून ती मेली. मी म्हटलं, व्हय."

"व्हय म्हटलीस?"

"तर काय करतीस, पुर्णे? तू पाच वर्साची, रवी तेरा वर्साचा. कुठं जाणार हुती मी?"

सात वर्षं तिने लेकीचं तोंड बघितलं नाही. मग एका शनिवारी बेळगावच्या बाजारात, बांगड्या भरताना, शेजारी येऊन बसलेल्या बाईचा हात तिला ओळखू आला. चेहऱ्याआधी हात. मंगलने फोन नंबर दिला. मालुबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने तो तोंडपाठ केला. घरात कार्य निघालं की ती कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करायची. मंगल यायची, लांब उभी राहायची, आप्पा एकीकडे गेले की दुसरीकडे सरकायची. जेवायला शेवटच्या पंगतीत बसायची आणि निघून जायची. एकाही माणसाने तिला ओळखलं नाही. गेलेल्या माणसाला गर्दीत कोण शोधणार?

"माझ्या लग्नात आलती," पूर्णिमा म्हणाली. "माझ्यावर अक्षता टाकल्या तिनं. आणि तू मला सांगितलं न्हाईस." तिला रडू येत नव्हतं. आईने नंबर सांगितला, एकेक आकडा, न अडखळता.

तिने मागच्या परसात जाऊन फोन लावला. पलीकडून "हलो" आलं. ती म्हणाली, "मी मच्छेची पूर्णिमा."

पलीकडून घाबरलेला आवाज, "आई बरी हाय न्हवं?"

पुढच्या रविवारी ती एकटीच निपाणीच्या बसमध्ये बसली. स्टँडवर प्रज्ञेश घ्यायला आले होते. ते हायस्कूलला मास्तर होते, केस पांढरे झालेले, बोलणं हळू. घरात पंच्याऐंशीचे देवाप्पा खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "ये बाळ. तुझ्या भनीनं सकाळपास्नं चार डाव झाडलंय घर." आतून मंगल आली. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मंगलने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "जवळनं बघायला मिळालं न्हवतं गं कधी." तेव्हा पूर्णिमाला पहिल्यांदा रडू आलं, आणि मग ते थांबेचना.

जेवणं झाली. मंगल अंगणवाडीत टीचर होती. तिची मुलगी पारमिता धारवाडला वकिली शिकत होती. गप्पा निवांत चालल्या होत्या. "तुला कळलं कसं?" मंगलने विचारलं. पूर्णिमाने उत्साहाने लॅपटॉप उघडला. तिने नंतर ‘हो’ दाबल्यावर सॉफ्टवेअरने सातही फोटो एका गठ्ठ्यात लावले होते, आणि आठवा, सगळ्यांत वर, तसबिरीचा होता.

मंगल पुढे झुकली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"ह्यो माझा फोटो. ह्याला हार का घातलाय?"

पूर्णिमाने तिच्याकडे बघितलं. काही क्षण तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला. आक्काला ठाऊक नव्हतं. आईने तिला एवढंच सांगितलं होतं की आप्पा रागात आहेत, समोर येऊ नकोस.

लॅपटॉप मिटायला तिने हात पुढे केला, पण मंगलने तो धरला. तसबिरीखालची अक्षरं ती अंगणवाडीतल्या पोरासारखी एकेक करून वाचत होती. "कै. कु. मंगल. मृत्यू, चौदा जून एकोणीसशे नव्व्याण्णव." तिने वर बघितलं. "अहो," तिने नवऱ्याला हाक मारली, "ही आपल्या लग्नाची तारीख हाय."

प्रज्ञेश जवळ येऊन उभे राहिले. पूर्णिमाला वाटलं, हे आपण काय करून बसलो? सगळं जपून ठेवायला निघालो आणि जित्या माणसापुढे तिचं मरण उघडून ठेवलं. त्यात आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरत होती. आप्पांना लग्नाची तारीख माहीत होती. म्हणजे त्या दिवशी ते निपाणीत होते. कुठेतरी उभे राहून त्यांनी ते लग्न बघितलं असेल किंवा कुणाला तरी विचारून घेतलं असेल, आणि मग घरी येऊन तीच तारीख तसबिरीखाली लिहून घेतली.

"मी आपली आप्पांची वाट बघत हुते," मंगल हळू आवाजात म्हणाली. "राग हाय म्हणजे कधीतरी जाईल. राग जित्या माणसावर असतोय, न्हवं? पारमिता झाली तवा वाटलं, आता येतील. तिची दहावी झाली तवा वाटलं. त्यांच्या बाराव्याला कोपऱ्यावर उभी हुते, तवासुद्धा मनात म्हटलं, शेवटाला आपलं नाव घेतलं असंल." ती थांबली. "आणि तिकडं माझंच बारावं जेवून बसली हुती माणसं."

"आक्का, मला वाटलं तुला ठावं हाय. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? तू दावलंस तरी." मंगल उठली, मोरीवर गेली, बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. देवाप्पा खुर्चीतून म्हणाले, "मास्तर, तिला एकटीला जाऊ दिऊ नकोस आता. सगळं मिळून जावा." कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

आधी रविराजला सांगायला हवं होतं. ते काम पूर्णिमाने केलं. तो ऐकत राहिला, शेवटी "खोटं बोलू नकोस" एवढंच म्हणाला आणि उठून शेताकडे गेला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन केला. "कधी येतीया म्हणाली?"

ती आली गुरुवारी, भर दुपारी, डोक्यावर पदर न घेता. बरोबर प्रज्ञेश आणि पारमिता. गल्लीच्या तोंडाशी शेजारची राजाबाई कपडे वाळत घालत होती. तिने मंगलला ओळखलं आणि ओला धोतराचा पिळा छातीशी धरून मटकन खालीच बसली. "आगं बया, मालूची मंगल!" असं ती ओरडली तशी चार दारं उघडली. मंगल थांबली आणि शांतपणे म्हणाली, "व्हय काकू. मीच हाय." तेवढंच म्हणून ती पुढे चालत राहिली.

मालुबाई दारात उभी होती. हातातला भाकरतुकडा लेकीवरून ओवाळून टाकायचंही तिला सुधरेना. मंगलने तिच्याकडे बघितलं, पण पाया पडली नाही. "मला सांगायचंस तरी, आई," ती म्हणाली. मालुबाईने मान खाली घातली. हे त्या दोघींमध्ये पुढेही बराच काळ राहिलं. फोन चालू झाले, येणं-जाणं चालू झालं, तरीही.

रविराज सोप्यात भिंतीला पाठ लावून उभा होता. एकोणचाळीस वर्षांचा गडी, पण तेरा वर्षांच्या पोरासारखा ओठ दाबून. आक्का समोर येताच तो म्हणाला, "आप्पांनी मला डोकं भादरायला बसवलं हुतं तुझ्यासाठी. शाळंत पोरं चिडवायची. मी सगळ्यांला सांगायचो, माझी आक्का वारली."

मंगलने हात वर करून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो तिच्याहून हातभर उंच झाला होता. तिला टाचा उंचवाव्या लागल्या.