सीताच्या सैपाकघराची भिंत

आमच्या शिवाजी पेठेतल्या घराला पश्चिमेचं ऊन कसलं असतंय, ते चाळीस वरसं ठाऊकच नव्हतं. त्या अंगाला जयपालचं घर खेटून हुतं, दोघांत भिंत एकच. जयपाल गेला, आणि गेल्या साली त्याच्या पोरानं, सम्मेदनं, जागा इकली. नव्या मालकानं घर पाडलं आन् आमची भिंत उघडी पडली. मग काय इचारता! दुपारी भिंतीला हात लावायची सोय न्हाय. मी बिद्रीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर हयात घालवलेला गडी, पण माझाबी जीव नको झाला. एसी लावला तर त्योबी नुसताच धापा टाकतोय.

आमची लेक प्रेरणा घरदुरुस्तीचंच काम करती. ती म्हणाली, "आप्पा, भिंतीला आतनं रॉकवूल भरू आणि वर बोर्ड मारू. ऊन आत येणार नाही, एसी पण फारसा लागणार नाही."

"म्हंजे बॉयलरच्या पायपाला गुंडाळतोय तसंच की! कर."

पण आमची मंडळी आडवी आली. "त्या भिंतीला कुणी हात लावायचा न्हाय," शांता म्हणाली.

कारण सांगतो. त्या भिंतीत, आमच्या ओट्याच्या वर, दोन विटांचं भोक हाय. जयपालची बायको सीता आणि शांता एकाच साली लग्न होऊन पेठेत आल्या. सीताची सासू, बाळाबाई, सोवळ्याची लई कडक. आमच्यात कांदा-लसूण चालतोय, म्हणून शांतानं त्यांच्या सैपाकघरात पाय टाकायचा न्हाय. मग ह्या दोघींनी काय करावं? म्हातारी जैन बस्तीत देवदर्शनाला गेली की खलबत्त्याच्या दांड्यानं वीट हलवायच्या! भोक पडल्यावर मला कळलं. मी लई तडतडलो, आणि मग मीच त्याला लाकडाची चौकट बसवली. बायकोपुढं कुणाचं चाललंय?

त्या भोकातनं काय काय गेलं म्हणून सांगू! सीताकडची मुगाची उसळ, शांताची बिनकांद्याची आमटी, पोरांची आजारपणं, दोघींची रडगाणी. सीता दिवस बुडायच्या आत जेवायची, म्हणून आमच्या घरातबी पाचलाच फोडणी बसायची. त्या वासानं मी तालमीतनं उठून घरला यायचो. तसला वास आता न्हाय, खोटं कशाला बोलू.

पुढं बाळाबाई गेली. तरी सीतानं कधी आत बोलावलं न्हाय, आणि शांतानं कधी मागितलं न्हाय. दोघी भोकापाशीच म्हाताऱ्या झाल्या.

"आता पलीकडं काय ऱ्हायलंय? कुत्री झोपत्यात तिथं!" मी आवाज चढवला.

"तिची फरशी हाय अजून," शांता म्हणाली.

प्रेरणानं समजावलं, भोक उघडं ठेवलं तर सगळी झळ तिथनंच आत येणार, आणि दुसऱ्याच्या जागेकडं खिडकी काढता येत न्हाय. शांता ऐकंना. दुपारी ओट्यापाशी तिला भोवळ आली, तरीबी ऐकंना. मला भ्या वाटलं. ही बाई भिंतीपायी जाणार, असं वाटाय लागलं.

शेवटी रिक्षा केली आणि सम्मेदच्या फ्लॅटवरनं सीताला घेऊन आलो. वाटेत सगळं सांगितलं. ती आमच्या दारात आलीच न्हाय. लुगडं सावरत थेट पडक्या जागेत शिरली आणि भोकात तोंड घातलं.

"शांते."

"आलीस व्हय," आतनं शांता म्हणाली, आणि दोघी रडाय लागल्या. प्रेरणानं गवंडी आणून ठेवला हुता, मी उगंच त्याच्यावर खेकसलो.

"बुजव की, खुळे," सीता म्हणाली. "उन्हात मरतीस काय?"

"आणि तू?"

"मी कुठं आता हितं ऱ्हातो? दे वीट हिकडं. माझ्या बाजूनं मीच लावतो."

गवंड्यानं चौकट उचकटली आणि सीताच्या हातात वीट आणि सिमेंटचा माल दिला. पहिली वीट बसली. तिच्यावरनं सीताचं नुसतं डोळं दिसत हुतं. मग दुसरी बसली, आणि आमच्या ओट्यावर अंधार आला. शांता त्या विटेवर हात ठेवून उभी. मला वाटलं, आता ही माझ्यावर उखडणार. पण तिनं विटेवरचा हात काढला. दारातनं भाईर पडली आणि बोळातनं वळसा घालून पडक्या जागेकडं निघाली. मी मागनं.

जिथं लाल फरशी सुरू हुती तिथं ती थबकली. वर छप्पर न्हाय, दार न्हाय, चारीकडं विटांचं ढीग. तरी बाईनं चपला काढल्या. फरशी तापलेली, पाय भाजत असणार, पण ती पुढं जाईना.

सीता सिमेंटनं भरलेलं हात घेऊन फरशीच्या मधोमध उभी हुती. तिनं शांताच्या पायाकडं बघितलं. तोंड वेडंवाकडं झालं तिचं.

"आत ये की गं," ती म्हणाली. एवढं म्हणायला तिला चाळीस वरसं लागली.